पायाळूची चाल

सिंगापुरात, आमच्या तोआ पायोहच्या ब्लॉकमध्ये बातमी आली ती अशी: समोरच्या फ्लॅटमधली मधुमती सबनीस, वय छप्पन, खाडीकाठच्या त्या ड्युरियन फळासारख्या काटेरी छपरांच्या थिएटरात बॅले नाचणार आहे, पांढरा आखूड झगा घालून, आणि एक अमेरिकन तरुण तिला कमरेला धरून डोक्यावर उचलणार आहे.

बातमी मी आणली नव्हती. आणली मैत्रीण स्मिताने, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात, वड्यांच्या ताटावरून वाकून. मी ती फक्त आमच्या मजल्यावर पोचती केली. मंडळापासून मजल्यापर्यंत येताना तिला तो झगा कुठे चिकटला, ते मला विचारू नका. उचलण्याचं मात्र ज्याने कुणी घातलं त्याने मधुमतीला कधी पाहिलेलं नसणार. तिला उचलायचं तर आधी ती एका जागी सापडायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रबोधराव आमच्या दारात. प्रबोध सबनीस म्हणजे मधुमतीचे यजमान, तुआसला जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात अकाउंटंट. कंपनीची बस चुकायची वेळ झालेली, एक बूट पायात आणि एक हातात.

“नीतावहिनी, ती नाचणार नाहीये. चालणार आहे.”

“कुठे?”

“स्टेजवर. इकडून तिकडे.”

“आणि मग?”

“मग तिकडून इकडे,” असं म्हणून त्यांनी दुसरा बूट चढवला आणि लिफ्टकडे पळाले. झग्याचं विचारायचं राहूनच गेलं.

तर खरं काय ते सांगते. अमेरिकेत एक फार गाजलेला बॅले रचणारा होऊन गेला. त्याचं नाव मी घेत नाही, कारण मी घेतलं की मधुमती दुरुस्त करते आणि मग मला ते आणखीच वाकडं येतं. या गृहस्थाला म्हणे राजपुत्र, पऱ्या आणि शापित पक्षी यांचा कंटाळा आला होता. त्याच्या बॅलेत रस्त्यावरची माणसं यायची. बोटीवरून सुट्टीवर आलेली पोरं, बाकावर बसून भांडणारं जोडपं, असलं काहीबाही. त्याच्या एका बॅलेची सुरुवात तर अशी, की पडदा वर जातो आणि शहरातली माणसं नुसती चालताहेत. कुणी कुणाकडे बघत नाही. बघणाऱ्याला वाटतं, आपण तिकीट काढून हे कशाला बघतोय, हे तर सिटी हॉल स्टेशनात फुकट दिसतं. एवढ्यात त्या गर्दीतून एक जोडी एकदम उसळी मारून बाहेर येते, आणि मग कळतं की हे सगळं मघापासून नाचच होतं.

ही कंपनी दोन हजार सात सालच्या मार्चमध्ये सिंगापूरला येणार होती. नाचणारे त्यांचे, चालणारे मात्र ते ज्या त्या गावचे घेत. वय कितीही, अंगकाठी कशीही, नाच येत नसेल तर उत्तम. मधुमतीची मुलगी अनुया बुओना व्हिस्टाला एका लॅबमध्ये पोस्टडॉक करते; तिच्याकडे कुणीतरी ही जाहिरात पाठवली. तिने ती आईला पाठवली आणि वर लिहिलं, “आई, धिस वन इज यू ला.”

पोरीने बरोबर ओळखलं. मधुमतीच्या पायाला भिंगरी आहे. पूर्वी त्यांच्याकडे वायरचा फोन होता तेव्हा ती वायर पुरेल तेवढ्या गोलात फिरायची; कॉर्डलेस आला आणि ती थेट आमच्या दारापर्यंत यायला लागली, त्यामुळे तिच्या सगळ्या नातेवाइकांची खबरबात मला आपोआप मिळते. आमटी ढवळताना ती डाव गॅसपाशी ठेवून एक फेरी मारून येते. सत्यनारायणाला बसली तर पोथीचा एक अध्याय होईतो दोनदा उठते, एकदा समईत तेल घालायला आणि एकदा मघाशी घातलेलं तेल पुरलं का बघायला. बसलीच तर गुडघा हलत राहतो. त्यावरून आमच्या शेजारच्या गोह आंटी तिला गेली सोळा वर्षं बोलताहेत. “आयो मधू, डोन्ट शेक लेग! लेग शेक, मनी ऑल रन अवे!” आपल्याकडे लक्ष्मी जाते, त्यांच्याकडे मनी जातो, एवढाच फरक. वर गंमत अशी, की इथल्या इंग्रजीत शेक लेग म्हणजे काही न करता आरामात बसणं. मधुमतीला ते कधी पटलंच नाही. “पाय हलवणं हे काम असतं गं,” ती म्हणायची. “करून बघ.”

तिचं चालणं म्हणजे व्यायामाचं चालणं नव्हे. बायका पार्कात कोपरं हलवत जातात तसं तर मुळीच नाही. ही पिशवी खांद्याला लावून निघते, ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकमधून, हॉकर सेंटरच्या मागून, ब्रॅडल रोडपर्यंत, आणि तशीच परत येते. पिशवीत काही नसतं. येताना काही आणलेलं नसतं.

आणि जाताना मी दारात असते. मी विचारते, “कुठे?”

निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, काम होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तिचं काम काय आहे तेच कळत नसेल तर न विचारून कसं चालेल? ती कधी म्हणायची “कोथिंबीर”, कधी “पोस्टात”, एकदा नुसतंच “हं”. मी परतताना पिशवी बघायची. कोथिंबीर नसायची.

पुढच्याच आठवड्यात चालणाऱ्यांची निवड होती, त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. सोबत म्हणून. आता गेलेच आहे तर, म्हणून मीही नंबर लावला. खाडीजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये एकेकाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावत होते. परीक्षा घेणारी होती डोरोथी. सत्तरीची, काडीसारखी, गुडघ्याला पट्टा आणि हातात काठी. तरुणपणी ती त्या गृहस्थाच्या हाताखाली नाचली होती आणि आता त्याचे बॅले गावोगाव बसवत फिरायची. मी माझ्या मते फार डौलात चालले. डोरोथी म्हणाली, “थँक यू. तुम्ही चालताना सगळ्यांकडे बघता.”

म्हटलं, मग काय डोळे मिटून चालू?

मधुमती चालली. तिच्या नेहमीच्या जोड्यात, नेहमीच्या कुडत्यात, भिंतीपलीकडे जणू रस्ता आहे अशी. भिंत आली, तशी वळून परत आली. डोरोथीने काठी उचलली आणि तिच्याकडे रोखली, बस्स. झाली निवड.

परतीच्या गाडीत जागा होती, तरी मधुमती दांड्याला धरून उभी होती. चेहरा कसा झाला होता सांगू? लग्न ठरलेल्या मुलीचासुद्धा होत नाही असा. मी बसल्या बसल्या टोमणा मारला, “एवढं काय त्यात? चालायचं तर आहे. रोज चालतेसच की.”

“रोज तू विचारतेस, कुठे,” ती म्हणाली. “प्रबोध विचारतो, अनुया विचारते. त्या हॉलमध्ये कुणी विचारलं नाही. नुसतं चाल म्हणाले. नीता, मला हे सुटता कामा नये गं.”

मग तालमी सुरू झाल्या. मला नाकारलं होतं तरी कोपऱ्यात बसून बघायला डोरोथीने हरकत घेतली नाही. मी चिवडा नेत असे, त्याचाही थोडा हात असेल. चालणाऱ्यांत एक टॅक्सीवाले काका होते, एक मलाय शाळामास्तर, एक निवृत्त नर्स, आणि युनिव्हर्सिटीतली बरीच पोरं. नियम सोपे. सरळ चालायचं. वेग बदलायचा नाही. कुणाकडे बघायचं नाही. धक्का लागला तरी थांबायचं नाही.

पहिल्याच तालमीत मलाय मास्तरांच्या बुटाला मधुमतीचा पाय लागला. ती जागच्या जागी थांबली, वाकली, त्यांच्या बुटाला बोटं लावली आणि ती बोटं आपल्या डोळ्यांना लावली. तुम्ही-आम्ही करतो तसंच. पण तुम्ही-आम्ही ते चालत्या रांगेच्या मध्यावर करत नाही. मागची नर्स तिच्यावर आदळली, नर्सवर टॅक्सीवाले काका, आणि त्यांच्यामागे पोरांची सगळी रांग दार बंद होताना एमआरटीच्या डब्यात साचते तशी साचली.

“मॅडम,” डोरोथीने विचारलं, “काही पडलं का?”

“नो, नो. सॉरी.”

थोड्या वेळाने पुन्हा. या वेळी एका पोराचा पाय.

“पुन्हा पडलं?”

तिसऱ्या वेळी डोरोथी काठी टेकत स्वतः तिथे आली आणि जमिनीकडे निरखून बघायला लागली. काही नव्हतं. “ही बाई वेचते तरी काय आहे?” ती पियानोवाल्याला म्हणाली.

मधुमती घामाघूम. “माय लेग टच्ड हिज लेग,” ती म्हणाली. “सो, सॉरी.”

“मग सॉरी म्हणा! वाकता कशाला?”

“वुई से सॉरी टू द लेग.”

हॉलमध्ये हशा पिकला. मी पण हसले, खोटं कशाला बोलू. डोरोथी हसली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, “ऐका. या बॅलेत कुणालाच सॉरी वाटत नाही. हे शहर आहे. तुम्ही वाकलात की तुमच्या मागचे सगळे एकदम माणसं होतात, एकमेकांची चौकशी करायला लागतात. मला माणसं नको आहेत. मला गर्दी हवी आहे.” आणि भिंतीपाशी खुर्ची दाखवून म्हणाली, “आज बसून बघा. शनिवारी या. शनिवारी एकदा जरी वाकलात, तर तुमच्या जागी दुसरं कुणी चालेल.”

बसून बघा! मधुमतीला! ती बसली खरी, पण खुर्चीखाली तिचे पाय चालतच होते, इकडून तिकडे, रांगेबरोबर, अगदी वेगसुद्धा तोच. शेजारी मी. चिवडा पुढे केला तर तिला दिसलाही नाही.

आता एवढी शिकलीसवरलेली बाई, सोळा वर्षं सिंगापुरात, तिला एक वाकणं का आवरू नये? तेच मी तिला विचारलं, दुसऱ्या दिवशी, कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालताना. आणि तिने सांगितलं ते मी इतक्या वर्षांत काढून घेऊ शकले नव्हते, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मधुमती पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून आलेली. कुरुंदवाडला त्यांच्या गल्लीत ती एकटीच पायाळू. कुणाची पाठ धरली, कुणाला उसण भरली, की चालले सबनिसांकडे. तेव्हा ती सबनीस नव्हती, चिटणिसांची मधू होती. शाळेतले हेडमास्तर, देवळातले गुरुजी, सोनारकाका, सगळे यायचे आणि तिच्या ओटीवर पालथे पडायचे. ही परकर सावरून त्यांच्या पाठीवर पाय ठेवायची. आणि पाय काढला रे काढला की आजी ओरडायची, “वाक! मोठ्यांना पाय लावलास, वाक आधी!” की ही वाकायची. पाय, नमस्कार. पाय, नमस्कार. सकाळी दात घासायच्या आधी कुणी येऊन पडलेलं असायचं.

“माझा पाय माझा नव्हताच,” ती म्हणाली. “गल्लीचा होता.”

आणि त्यात दुसरं. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. त्यामुळे आभाळ भरून आलं की तिला घरात कोंडायचे. आणि आभाळ निरभ्र असलं तरी कुणाला कधी उसण भरेल काय सांगावं? मधू घरात हवी. जत्रेला सगळी पोरं गेली, मधू ओटीवर. मैत्रिणी नदीवर गेल्या, मधू ओटीवर. “कुठे निघालीस?” हा प्रश्न तिच्या घरी प्रश्न नव्हताच, ती कडी होती दाराची.

मी शर्टाला चिमटा लावायचा विसरले आणि तो खाली आठव्या मजल्यावर गेला.

बरं, आता गोष्ट कळली म्हणून सवय जाते थोडीच? शनिवार तोंडावर आलेला. मी म्हटलं, आपण सराव करू. आणि देवाची करणी बघा, त्याच आठवड्यात आमच्या शिरीषला टेक्का मार्केटातून तांदळाचं पोतं उचलताना उसण भरली. यजमान आमचे, पण वेळेवर उपयोगी पडले ते असे एकदाच. मी त्यांना हॉलमध्ये चटईवर पालथं घातलं आणि मधुमतीला बोलावलं.

“शिरीषभावजी, चालेल ना?” तिने विचारलं.

“अहो, तुम्ही ठेवा पाय,” चटईतून आवाज आला. “नुसतं बोलू नका, बोललं तरी दुखतं.”

तिने पाठीवर पाय ठेवला. काढला. वाकली.

“वाकू नकोस!” मी ओरडले.

पुन्हा पाय. पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा मी तिचा हात मागून धरून ठेवला, तर ती डावा हात घेऊन वाकली. चौथ्यांदा मी दोन्ही हात धरले, तर नुसती मान वाकली. शिरीष म्हणाला, “माझी पाठ बरी झाली, मी उठू का?” मी म्हटलं, “गप पडून राहा, तुमच्या पाठीचं चाललेलंच नाहीये इथे!”

एवढ्यात ग्रिलच्या दारात गोह आंटी. आत बघताहेत तर अंकल पालथे, एक बाई त्यांच्या पाठीवर पाय देऊन उभी आणि दुसरी बाई तिला मागून धरून किंचाळतेय.

“आयो! व्हाय यू ऑल बुली अंकल?”

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. पायाळू म्हणजे काय हे इंग्रजीत सांगून बघा कधी. आंटींनी ऐकून घेतलं, आधी आपली कंबर चाचपत “आफ्टर दॅट माय टर्न, कॅन?” असं विचारून ठेवलं, आणि मग म्हणाल्या, “हँड गॉट नथिंग टू डू, सो हँड गो डाऊन ला. गिव्ह हँड समथिंग टू होल्ड.”

हाताला काम द्या. एवढंच. मधुमतीने दाराला टांगलेली आपली ती रिकामी पिशवी खांद्याला लावली. शिरीषच्या पाठीवर पाय ठेवला, काढला. हात खाली निघाला, मध्येच पिशवीच्या पट्ट्याला लागला आणि पट्टा घट्ट धरून तिथेच राहिला. तिचे डोळे भरून आले होते, पण ती वाकली नाही. गोह आंटींनी टाळ्या वाजवल्या. शिरीष उठून बसला आणि खरंच, उसण गेली होती. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शनिवारी ती पिशवी घेऊन गेली. टॅक्सीवाल्या काकांचा पाय लागला: हात पट्ट्याला. नर्सचा लागला: हात पट्ट्याला. डोरोथी काठीवर हनुवटी टेकून बघत होती. शेवटी म्हणाली, “ती पिशवी राहू दे.” म्हणजे मधुमती राहिली.

मला वाटलं, सुटला प्रश्न. पण सुटला नव्हता. उलट तिचं चालणं वाढलं. सकाळी निघायची, दुपारी निघायची, वीज कडकडत असली तरी कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रबोधराव मला लिफ्टपाशी हळूच म्हणाले, “वहिनी, ती जेवताना उभी असते हल्ली.” मी तिला गाठलं, तर म्हणाली, “हात थांबतो गं. आतलं थांबत नाही. कुणाचा तरी नमस्कार राहिलाय, राहिलाय, असं दिवसभर वाटतं. आज सकाळी मी त्या मास्तरांना मनातल्या मनात वाकले. मग वाटलं, हे म्हणजे चोरून वाकणं झालं. डोरोथीला फसवतेय, नाहीतर आजीला.”

“सोडून दे मग,” मी म्हटलं. “एवढा जीव खाऊन कशाला चालायचं?”

ती माझ्याकडे अशी बघून राहिली, की मीच ओशाळून विषय बदलला.

खेळ रविवारी दुपारी होता. आम्ही सगळे सगळ्यात वरच्या मजल्यावर: प्रबोधराव इस्त्रीच्या शर्टात, शिरीष, गोह आंटी, आणि दुर्बीण घेऊन स्मिता, झग्याची आशा तिने अजून सोडली नव्हती. दिवे गेले. पडदा वर गेला. मागे नुसती राखाडी भिंत, बाजूने पांढरा उजेड, आणि संगीत म्हणजे तेच तेच चार सूर, गिरणीचा पट्टा फिरावा तसे गरगर फिरणारे. आणि माणसं चालायला लागली.

“ती बघ! पिशवी! पिशवी!” स्मिता म्हणाली आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून आमच्याकडे बघितलं.

मधुमती डावीकडून आली आणि उजवीकडे गेली. एवढंच. प्रबोधराव खुर्चीच्या कडेवर सरकले. ती पुन्हा आली. वरून एवढीशी दिसत होती, पण चाल तिचीच, ब्रॅडल रोडची. मला एकदम लक्षात आलं की मी तिला जाताना पाहतेय आणि माझ्या तोंडात प्रश्न आलेला नाही.

मग गर्दीतून ती उडी. एक तरुण नाचणारा रांगांमधून असा उसळला की गोह आंटी “वाआ” म्हणाल्या. वर गेला तो सुंदरच, पण उतरला वीतभर चुकून, मधुमतीच्या अगदी मागे, आणि त्याचा पाय तिच्या टाचेवर पडला. सपशेल. तिचा जोडा निसटताना आम्हाला वरून दिसला. स्मिताने माझं मनगट धरलं. प्रबोधरावांनी डोळे मिटले.

मी तिच्या हाताकडे बघत होते. हात खाली गेला नाही. पट्ट्याकडेही गेला नाही. चालताना आपला हात हलतो तसा हलत राहिला, पुढे-मागे, आणि ती अर्धा जोडा फरफटत, त्याच वेगाने, उजवीकडे दिसेनाशी झाली. पुढच्या फेरीला परत आली तेव्हा जोडा पायात होता आणि ती आपली चालत होती, आत कुणाचाच नमस्कार राहिलेला नसलेल्या माणसासारखी.

बाकीचा बॅले पण चांगला होता म्हणे. मी पाहिला, पण डोक्यात तो हातच होता.

खेळ संपल्यावर आम्ही खाडीच्या पायऱ्यांवर बसून तिची वाट बघत होतो. ती आली ती त्याच कपड्यांत, तीच पिशवी लावून. स्टेजवरून उतरलेल्या बाईला काहीतरी वेगळं दिसावं तर तेही नाही.  स्मिता म्हणाली, “छान चाललीस हं,” आणि आम्ही सगळे फिसकन हसलो, मधुमतीसुद्धा. प्रबोधराव उठून उभे राहिले. म्हणाले, “तू ज्या बाजूला गेलीस ना, मी त्या बाजूला बघत बसलो होतो. परत येईपर्यंत.” इतक्या वर्षांच्या संसारात ते एवढं लांब वाक्य बोलले असतील असं मला वाटत नाही.

आता असा हळवा प्रसंग मी तसाच जाऊ दिला असता तर माझ्या जिभेने मला माफ केलं नसतं. मी पायरीवर ऐसपैस बसले होते, तशीच बसून म्हटलं, “सगळं खरं, पण मधुमती, त्या पोराचा पाय तुझ्या पायाला लागला, चांगला टाच सोलवटेपर्यंत, आणि तू नमस्कार केला नाहीस. मी पाहिलं. सोळा वर्षं सिंगापूरने तुला बदललं नाही, आणि त्या म्हातारीने दोन महिन्यांत तुझे कुरुंदवाडचे संस्कार उतरवले!”

ती थांबलीच नव्हती. आमच्यासमोरून बोलत बोलत ती पाण्याच्या कडेने निघालीही होती. तिथूनच मान वळवून म्हणाली, “पाय लागायला समोरचं माणूस बसलेलं नाहीतर निजलेलं असावं लागतं, नीता. तिथे सगळे चालत होते. बसलेली तूच होतीस.”